धूर दिसला पाहिजे

माळ्यावरचं खोकं खाली काढलं ते विकून टाकायला. आत धाकट्या भावाचा ट्रक होता. रिमोटवर धावणारा, नायट्रोचं इंजिन असलेला, जेमतेम हातभर लांब. २०१३ साली तो कॅनडाला गेला तेव्हा हैदराबादला माझ्या घरी ठेवून गेला होता. "ताई, फेकू नकोस, मी येऊन नेईन," म्हणाला होता. मी फेकला नाही. पण गेली अडीच वर्षं आमचं बोलणं बंद होतं. ज्याच्याशी बोलणं नाही त्याचं सामान डोक्यावर कशाला बाळगायचं, असं वाटायला लागलं होतं.

भांडण घरोघरी होतं तेच. आई आधीच गेली होती, मग वडील गेले आणि नांदेडचं घर मागे राहिलं. त्यांनी पगारातून बांधलेलं, मृत्युपत्र न करता सोडलेलं. अशा घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच आहे. तरी एक दिवस कुरिअरने हक्कसोडपत्राचा मसुदा आला. आधी फोन नाही, सोबत चिठ्ठी नाही. मी उत्तर लिहायला बसले. तीन खर्डे केले. धंदा भाषांतराचा, त्यामुळे जास्तीचा शब्द दिसला की काढायची सवय. तिसऱ्या खर्ड्यात एक पान उरलं. त्यात मुद्दे होते, तारखा होत्या, कायद्याचा आधार होता. एकही शब्द अनावश्यक नव्हता. "कसा आहेस" हेसुद्धा नव्हतं. त्या पत्राला उत्तर आलं नाही.

ट्रक बघायला कॉलेजातला एक मुलगा आला. त्याने फ्लायव्हील बोटाने फिरवून पाहिलं. हललं नाही. "आंटी, इंजन जाम है," म्हणत त्याने भंगाराचा भाव सांगितला. भावाने पहिल्या नोकरीत वर्षभर पैसे साठवून ही वस्तू घेतली होती. मला त्या भावाचा राग आला आणि मी खोकं बंद केलं. संध्याकाळी पुन्हा उघडलं.

या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. ग्लो प्लग असतो. आत प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीक वेटोळं. सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीने ते लाल करायचं. एकदा इंजिन धरलं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे इंधनातलं मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्यातल्या क्रियेमुळे, आणि दाबाच्या उष्णतेमुळे, तार आपली आपण धगधगत राहते. १९४०च्या दशकात रे आर्डेन या अमेरिकी माणसाने हा प्लग छोट्या विमानांच्या इंजिनांसाठी रूढ केला. इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. बहुतेकदा त्यात एरंडेलही असतं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की मिथेनॉल उडून जातं आणि एरंडेलाचा डिंक होतो. आमच्या इंजिनाचं तेच झालं होतं.

हेअर ड्रायरने तासभर शेकल्यावर पिस्टन सुटला. वरचं काळं किटण काढायला भंगारातलं पातेलं आणून त्यात गाडीच्या कूलंटमध्ये इंजिन मंद आचेवर रात्रभर ठेवलं. (कूलंट विषारी असतं, ते पातेलं नंतर फेकून दिलं.) सकाळी इंजिन दुकानातून आणल्यासारखं पांढरं निघालं, पण बेअरिंगं गंजलेली होती. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून शेवटच्या फेरीनंतर आत तेलाचे थेंब सोडायचे असतात. जाण्याच्या गडबडीत भाऊ ते विसरला होता.

जवळच्या गल्लीत एक लेथवाले चाचा आहेत. त्यांच्याकडे इंजिन नेलं. मी हातोडी-पंचची गोष्ट काढली तर म्हणाले, "नक्को बाजी, ठोकना नक्को." त्यांच्या दखनीतला 'नक्को' ऐकला की मला घरी असल्यासारखं वाटतं, तो आमच्याच 'नको'चा भाऊ. त्यांनी इंजिनाची खोळ गरम केली. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे लाकडावर हलकेच आपटताच दोन्ही बेअरिंगं टपकन खाली पडली. नवीन बसवली. इंजिन जुळलं. आता कार्ब्युरेटरचा हाय-स्पीड नीडल किती उघडायचा ते कळेना. पुस्तिका खोक्यात नव्हती. हे सांगू शकेल असा माणूस मला एकच माहीत होता.

दोन दिवस विचार केला. मग एक ओळ पाठवली: "तुझ्या ट्रकचा हाय-स्पीड नीडल किती फेरे?"

अकरा मिनिटांत उत्तर आलं. "पूर्ण बंद करून मग चार फेरे उघड. सुरुवातीला रिच ठेव. धूर दिसला पाहिजे."

अडीच वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं हे. मी "ठीक" लिहिलं. त्याने अंगठा पाठवला.

रिच म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, लीन म्हणजे कमी. मी मनात दाट आणि विरळ असं भाषांतर करून पाहिलं, आणि स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला तेवढं पुरतं. दाट चाललेलं इंजिन घोगरं बोलतं, मागे निळसर धुराची शेपटी सोडतं. मला ती घाण वाटली. नीडल घड्याळाच्या दिशेने थोडा आत घेतला. आवाज मोकळा झाला. आणखी थोडा घेतला. ट्रक मैदानावर असा पळाला की फिरायला आलेले लोक थांबून बघू लागले. आवाज स्वच्छ, कापल्यासारखा, धूर शून्य. मी आणखी एक अष्टमांश फेरा आत घेतला. दोन मिनिटांनी एक किंकाळी आली आणि इंजिन जागच्या जागी बंद पडलं. कनेक्टिंग रॉड गेला होता, पिस्टनवर चरे पडले होते.

फोटो पाठवला. या वेळी त्याने फोनच केला. हॅलोही म्हणाला नाही. "धूर होता का?"

"नव्हता. पण पळत फार छान होता रे."

"छान पळणारच. मरायच्या आधी सगळ्यात छान पळतो तो." मग समजावत राहिला. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. तेल इंधनातूनच येतं. वेगासाठी इंधन कमी केलं की तेलही तेवढंच कमी होतं, आणि आतल्या भागांना थंडावा देणारं इंधनही. "तू वायफळ म्हणून जे काढून टाकलंस ना ताई, त्याच्यावरच तो टिकून होता."

तो इंजिनाबद्दलच बोलत होता. मला मात्र ते एक पान आठवलं. मी काही बोलले नाही, तोही बोलला नाही. नवीन पिस्टन, स्लीव्ह आणि रॉडचे पैसे निम्मे-निम्मे करू, असं ठरलं.

इथून पुढे आठवड्याला एक फोन होऊ लागला. शहराबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर हौशी लोकांच्या शर्यती होतात हे कळल्यावर त्याने यादीच दिली. जुना २७ मेगाहर्ट्‌झचा रेडिओ काढून २.४ गिगाहर्ट्‌झचा घातला. सिग्नल तुटला तर ब्रेक लागेल असं फेल-सेफ लावलं. स्टिअरिंगला धातूच्या गिअरचा जोरकस सर्व्हो घातला. शॉकमध्ये जाड तेल भरलं, ट्रकची उंची कमी केली, डोंगर चढायची चाकं काढून ट्रॅकची आखूड काट्यांची चाकं लावली. आणि रिव्हर्स गिअर काढला. शर्यतीत मागे जावं लागत नाही, तेवढं वजन आणि तेवढी मोडतोड वाचते. त्यासाठीचा स्पेसर चाचांनी लेथवर करून दिला. पिनियन आणि स्पर गिअरमध्ये किती फट ठेवायची ते भावाने फोनवर शिकवलं: मध्ये कागदाची पट्टी घालून गिअर दाबून बसवायचे, मग पट्टी फिरवून काढायची. मी हाताला आला तो कागद फाडला. तो माझ्याच एका खर्ड्याचा निघाला.

शर्यत डिसेंबरातल्या रविवारी होती. सकाळी सात वाजता ट्रॅकवर पोचले. त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. मेसेज आला: "थंडी पडली का तिकडे?"

आई फोनवर पहिलं हेच विचारायची. मी लिहिलं, "हो, स्वेटर घातलाय. तुझ्याकडे?"

"बर्फ. पण मी नीडलसाठी विचारत होतो. थंड हवा दाट असते, ऑक्सिजन जास्त. तुझं सेटिंग दुपारचं आहे, सकाळी ते लीन पडेल. एक अष्टमांश उघड." आणि मिनिटभराने, "स्वेटर घातलास ते बरं केलंस."

मी नीडल उघडला. इंजिन गरम झाल्यावर इंधनाची नळी चिमटीत धरून पाहिली. तीनेक सेकंदांनी आवाज किंचित चढला आणि इंजिन विझलं. म्हणजे लो-स्पीड नीडल बरोबर होता. चाचांचा नातू पिटमध्ये बाटली घेऊन उभा राहिला. कुणीतरी त्याला बजावलं, की मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळपास दिसत नाही. इंधन सांडलं तर हात लांब ठेव.

आठ गाड्यांत मी सातवी आले. तीनदा उलटले, तीनदा कुणीतरी धावत येऊन ट्रक सरळ करून दिला. आपली फेरी संपली की पुढच्या फेरीला आपण मार्शल म्हणून ट्रॅकवर उभं राहायचं, दुसऱ्यांच्या गाड्या सरळ करायच्या, असा तिथला नियम आहे. मी वळणावर उभी राहिले आणि वीस वर्षांच्या पोरांच्या गाड्या उचलून ठेवल्या. माझा ट्रक मात्र दहा मिनिटं एकदाही बंद पडला नव्हता, आणि धूर शेवटच्या फेरीपर्यंत दिसत होता.

घरी येऊन टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटरमध्ये तेलाचे थेंब सोडले, फ्लायव्हील हाताने फिरवलं. भावाचा फोन आला. "तेल टाकलंस ना?"

"टाकलं. तुझ्यासारखी विसरले नाही."

तो हसला. मग गप्प झाला. म्हणाला, "ताई, तो कागद मी असा पाठवायला नको होता." मी म्हटलं, "माझं पत्रही तसंच होतं." एवढंच झालं. हक्कसोडपत्र अजून कपाटात आहे. मी त्यावर सही केलेली नाही, करणारही नाही. ते त्याला बहुधा कळलं असावं. घराचं काय करायचं हा प्रश्न जिथल्या तिथे आहे. फेब्रुवारीत तो येतोय. शनिवारी ट्रॅकवर जायचं, रविवारी दोघांनी नांदेडला, असं त्यानेच ठरवलं. येताना दोन ग्लो प्लग आणतो म्हणाला. मी म्हटलं, चार आण.