कुंभार्ली घाट आणि जादा दमाची मोटार

मोटारीची खरी परीक्षा शोरूमच्या दारात होत नाही आणि सरळ हमरस्त्यावरही होत नाही. ती होते घाटात. आपल्याकडे असा परीक्षक पाहायचा तर कऱ्हाड-चिपळूण रस्ता पाहावा. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापासून निघावे, कोयनेच्या काठाने पश्चिमेला जात सह्याद्रीचा माथा गाठावा आणि कुंभार्ली घाटाने एकदम कोकणात उतरावे. एवढ्या वाटेत ऊस, सोयाबीन, भात, नाचणी, आंबा, काजू अशी पिकांची सारी पंगत बसलेली दिसते.

गेल्या ऑक्टोबरात या वाटेने जाण्याचा योग आला. आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, चिपळूणच्या डॉक्टरांना दाखवायचे होते. गाडी भाच्याची, डिझेलची स्विफ्ट. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्या, त्याच्या आधीची. पण भाच्याने तिला एक ट्यूनिंग बॉक्स जोडला होता. "मामा, आता तुम्हीच चालवून बघा. घाटात गाडी पाखरासारखी जाते," असे त्याचे म्हणणे. शेतात नवे बियाणे आले की चार ओळी लावून बघण्याची आम्हा विस्तार खात्याच्या लोकांना सवय. मी स्टिअरिंगवर बसलो.

पेटी करते काय?

आपण या बॉक्सला साधी पेटी म्हणू. ती तंबाखूच्या डबीपेक्षा थोडी मोठी असते. स्विफ्टचे हे इंजिन १२४८ सी.सी.चे, मूळ फियाटच्या घडणीचे, ७५ अश्वशक्तीच्या आसपासचे. यात डिझेल आधी एका जाड नळीत प्रचंड दाबाने कोंडलेले असते आणि तिथून इंजेक्टरवाटे सिलिंडरमध्ये जाते. आपल्या ठिबकला चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास दाब पुरतो. या नळीतला दाब हजार किलोच्याही वर जातो. हा दाब किती आहे ते एक सेन्सर गाडीच्या संगणकाला कळवत असतो. पेटी या दोघांच्या मध्ये बसते आणि खरा दाब असेल त्यापेक्षा कमी दाब संगणकाला सांगते. संगणक बिचारा दाब वाढवतो, तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जाते आणि गाडीला जादा ओढ येते. थोडक्यात, मुकादमाला खोटा निरोप देऊन शिधा वाढवून घेण्याचा हा प्रकार आहे.

आपल्या ट्रॅक्टरवाल्यांना हे नवीन वाटू नये. मिस्त्रीकडून डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून घेणारे गावोगाव आहेत. पेटी म्हणजे तोच स्क्रू, फक्त विजेच्या तारेतला.

कऱ्हाड ते कोयनानगर

कऱ्हाड सोडले की दोन्ही बाजूंनी ऊस उभा. गळीत हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे तोडणीच्या टोळ्या घेऊन कारखान्यांकडे निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर दिसत होते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर बायका-पोरे, भांडीकुंडी आणि कोपीचे सामान. अशा गाडीला ओलांडायचे म्हणजे बराच वेळ रस्त्याच्या उजव्या बाजूला राहावे लागते. इथे पेटीचा गुण लगेच कळला. तिसऱ्या गिअरमध्ये, काटा दोन हजार आरपीएमच्या वर असताना पाय दाबला की गाडी झटक्यासरशी पुढे निघते. ओलांडण्याचा वेळ कमी, म्हणजे समोरून येणाऱ्याचा धोकाही कमी. भाच्याचे हे म्हणणे मला पटले.

मात्र काटा दोन हजारांच्या खाली असेल तर पेटी असून नसल्यासारखीच. टर्बो म्हणजे धुरावर फिरणारी पंखी. ती वेगाने फिरल्याशिवाय इंजिनला जादा हवा मिळत नाही. हवा नसताना जादा डिझेल दिले तर ते नीट जळत नाही. मल्हारपेठेच्या पुढे एका गतिरोधकावर गिअर न बदलता मी पाय दाबून पाहिला, तर आरशात काळ्या धुराचा लोट दिसला. तो धूर म्हणजे आपल्या पैशाचे डिझेलच.

पाटण मागे पडले की ऊस विरळ होतो आणि डोंगर जवळ येतात. उतारावर नाचणीची कणसे भरलेली, खाचरांत भात पिवळा पडू लागलेला. एका खाचरातला भात मात्र पार लोळला होता. युरियाचा हात सैल सुटला की असे होते. पीक काळेभोर दिसते, बांधावरचे लोक कौतुक करतात; पण काडी नाजूक राहते आणि परतीच्या एका पावसात सगळे आडवे. मी भाच्याला गाडीतूनच ते खाचर दाखवले. तो हसला, पण काही बोलला नाही.

घाट दोनदा चढलो

घाट उतरताना पेटीचा काडीचाही उपयोग नाही. तिथे गिअर आणि ब्रेक यांचेच राज्य. ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आजही खरा. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, पेटी गाडीचा वेग वाढवते. ब्रेक आणि टायर जिथल्या तिथेच राहतात.

चिपळूणचे काम आटोपून परतताना पोफळीला गाडी थांबवली आणि मी माझी अट सांगितली. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटशेजारी खत न घातलेला साधा प्लॉट नसेल तर तुलना कशाशी करणार? तेव्हा घाट दोनदा चढायचा, एकदा पेटीसह आणि एकदा पेटीशिवाय. माणसे तीच, ओझे तेच, चालवणारा तोच. आक्काने कपाळावर हात मारला, पण सोबत दशम्यांचा डबा होता म्हणून चालवून घेतले.

पेटीसह चढताना मजा आली हे कबूल केले पाहिजे. वळण संपले की गाडी तिसऱ्या गिअरमध्येच सावरते आणि ओढत निघते. माथ्यावर पोचल्यावर मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवले, कारण टर्बो तापलेला असताना एकदम बंद करू नये. मग खाली आलो, इंजिन निवू दिले, चावी काढली आणि भाच्याने पेटी सोडवून मूळ जोडणी पूर्ववत केली. पुन्हा चढलो. आता प्रत्येक मोठ्या वळणावर दुसरा गिअर टाकावा लागला, हात जास्त चालला, इंजिनचा आवाजही वाढला. पण गाडी कुठे अडली नाही. घड्याळ पाहिले तर दोन्ही चढणींत फरक अवघ्या दीड-दोन मिनिटांचा. पुढे एखादा मालट्रक असला की ७५ अश्वशक्तीवालाही त्याच्याच मागे आणि जास्तवालाही त्याच्याच मागे.

भाच्याने आईला विचारले, "आई, तुला फरक कळला का?"

आक्का म्हणाली, "कळला की. पहिल्या खेपेला मी पुढची सीट घट्ट धरून बसले होते. दुसऱ्या खेपेला डुलकी लागली."

धरणाचा धडा

परत कोयनानगरला आलो तेव्हा ऊन कलले होते. कोयनेचे पाणी स्वभावाने पूर्वेला जाणारे. माणसाने ते १०३ मीटर उंचीच्या धरणाने अडवले, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवले आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरात उंचावरून सोडून वीज काढली. तेच पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते. दाबातून शक्ती काढण्याचे याहून मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात नाही.

पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेही आठवली पाहिजे. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरण उभे राहिले, तरी भिंतीच्या वरच्या भागात तडे गेले. तेव्हा अभियंत्यांनी भिंतीला मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. जिथे ताण येतो तिथे आधी अंग बळकट करायचे, मग पाण्याचा भरवसा धरायचा, ही त्यांची रीत. पेटीने ओढ वाढली की क्लच, गिअरबॉक्स, टर्बो या सगळ्यांवर ताण वाढतो. भाच्याच्या गाडीचा क्लच कारखान्यातून आला तोच आहे. हीच गाडी रात्री-अपरात्री आक्काला दवाखान्यात नेते. अशा वेळी घाटात दोन मिनिटे लवकर पोचण्यापेक्षा नक्की पोचणे मोलाचे.

पेटी बसवण्यापूर्वी

भाच्याने त्या दिवशी पेटी पुन्हा जोडली नाही, डिकीत ठेवली. क्लच बदलल्यावर सर्वांत कमी सेटिंगवर लावून पाहीन, असे म्हणाला. तेही वावगे नाही. इतर तरुण बंधूंसाठी चार गोष्टी सांगतो.

गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टर्बोचे पाइप तपासा. माती परीक्षणाआधी खत नको, तसे तपासणीआधी पेटी नको. पुष्कळदा धुळीने चोंदलेला फिल्टर हेच दुखणे असते.

क्लच, ब्रेक आणि टायर चांगले नसतील तर पेटीचे पैसे आधी तिकडे घाला.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. म्हणून आर.टी.ओ. कार्यालयात विचारा, विमा कंपनीला कळवा आणि वॉरंटी शिल्लक असेल तर पेटीच्या वाटेला जाऊ नका. पी.यू.सी. तपासणीत काळा धूर लपत नाही.

अ‍ॅव्हरेज वाढते की नाही हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. टाकी फुल करून, वहीत किलोमीटर लिहून, पुन्हा फुल करून स्वतः हिशेब काढा. पायाला आवर नसेल तर जादा ओढ जादा डिझेलच पिते.

बैल असो, पीक असो की इंजिन, त्याच्या अंगात असेल तेवढेच काम त्याच्याकडून घ्यावे. जास्त हवे असेल तर आधी त्याचे अंग धरू द्यावे.