मागच्या ट्रॉलीचा लाल दिवा

दसरा झाला की आमच्या नेकनूरमध्ये वेल्डिंगच्या दुकानासमोर नंबर लावावा लागतो. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव एरवी जनावरांच्या बाजारासाठी ओळखलं जातं. पण या दिवसांत बाजारापेक्षा जास्त गर्दी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची असते. कुणाला फाळका बदलायचा असतो, कुणाचे पाटे तुटलेले असतात, कुणाच्या हुकाला तडा गेलेला असतो. मुकादमाचे फोन सुरू झालेले असतात. टोळी निघायच्या आत सगळं व्हायला हवं असतं.

गेल्या वर्षी त्या रांगेत मी होतो. सोबत आमची मागची ट्रॉली.

आमच्याकडे ट्रॅक्टर एक, ट्रॉल्या दोन. आप्पा चालवतात. दिवाळीच्या आगेमागे दहा-बारा कोयते घेऊन सांगलीच्या बाजूला जायचं आणि शिमग्याच्या सुमारास परतायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची, दोघांनी ती डोक्यावरून ट्रॉलीत चढवायची. उचल आधी घेतलेली असते, ती टनावर फेडायची.

जाताना पुढच्या ट्रॉलीत माणसं बसतात. मागच्या ट्रॉलीत संसार असतो: ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, ताडपत्री, खोपीचे बांबू, भांडी, शेळ्या आणि दोरीने आवळून उभ्या केलेल्या एक-दोन मोटारसायकली. मी शाळेत असताना पाच हंगाम असा गेलोय. दोन रात्री आणि एक दिवस ट्रॉली हेच आमचं घर असायचं. आई चालत्या ट्रॉलीत आदल्या दिवशीच्या भाकरी आणि ठेचा वाढायची.

आता मी पुण्याला एका वर्कशॉपमध्ये काम करतो. एका रात्री मोबाइलवर असाच एक व्हिडिओ समोर आला. अमेरिकेतलं एक म्हातारं जोडपं, बसएवढी मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, गॅस, बाथरूम, सगळं. एवढी गाडी घेऊन भाजी आणायला कुठे जाणार? म्हणून ते तिच्या मागे एक छोटी कार जोडून नेतात. तिला ते गमतीने ‘टोड’ म्हणतात. इंग्रजीत ओढून नेलेली आणि बेडूक, दोन्ही शब्दांचा उच्चार एकच.

व्हिडिओ वीस मिनिटांचा होता आणि त्यात ते म्हातारबाबा फक्त एकच गोष्ट दाखवत होते: कार ओढण्यासाठी तयार कशी करायची. आधी कारच्या पुढच्या चासीला एक मजबूत पाया बोल्टने बसवायचा. त्याला ओढायची दांडी जोडायची. दांडी तुटली तर कार सुटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पोलादी दोर. मोटारहोममधून कारपर्यंत वायर, म्हणजे पुढे ब्रेक दाबला की मागच्या कारचा लाल दिवाही लागतो. कारच्या ब्रेक पेडलवर एक यंत्र, पुढची गाडी थांबायला लागली की ते मागचा ब्रेक दाबतं. आणि शेवटी एक बारीक तार. सगळं तुटून कार सुटलीच, तर ती तार ओढली जाऊन कारचा ब्रेक आपोआप लागतो.

मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. पाहताना डोळ्यांसमोर आमची मागची ट्रॉली होती. तिला जोडायला आमच्याकडे काय होतं? एक पिन. पिन निसटू नये म्हणून खाली वाकवलेला एक खिळा.

आणि मला जानेवारीतली ती रात्र आठवली.

तेव्हा मी नववीत होतो. गाडी भरून कारखान्याकडे निघालो होतो आणि मी पुढच्या ट्रॉलीत उसावर आडवा झालो होतो. मागच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं. आप्पांनी ट्रॅक्टर कडेला घेतला, पण एवढी लांब गाडी पूर्ण रस्त्याखाली उतरत नाही. मागची ट्रॉली अर्धी डांबरावरच राहिली. चाकाखाली दगड लावून आप्पा आणि चुलते जॅक शोधत होते. मागून मोटारसायकलचा आवाज आला. तो कमी झाला नाही. ब्रेकचाही आवाज आला नाही. फक्त धडकल्याचा आवाज आला, आणि नंतर वरून ऊस घसरल्याचा.

तो वाचला. विशीतला मुलगा होता, हात आणि जबडा मोडला होता. आप्पांनी त्याला दुसऱ्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं, उचलीतले राहिलेले पैसे दिले. तो शुद्धीवर आल्यावर एकच वाक्य परत परत बोलत होता, “मला काही दिसलंच नाही.”

घरी या गोष्टीवर कधी बोलणं झालं नाही. पण त्यानंतर आप्पांनी मला ट्रॉलीवर बसू दिलं नाही. पुढच्या वर्षापासून मी आजीजवळ नेकनूरलाच राहिलो. माझी शाळा सुटली नाही ती त्यामुळे. त्या मुलाच्या मोडलेल्या हाताचं आणि माझ्या दहावीच्या निकालाचं काहीतरी नातं आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

पुढे मी हिशोब केला. साठच्या वेगाने मोटारसायकल चालवणारा माणूस एका सेकंदात जवळपास सतरा मीटर पुढे जातो. डिम लाइटमध्ये त्याला समजा तीस मीटरवरचं दिसलं, तर उभ्या ट्रॉलीपाशी पोचायला त्याच्याकडे दोन सेकंदसुद्धा नसतात. तेवढ्यात समोरचा काळा आकार ऊस आहे, झाड आहे की नुसता अंधार, हे ओळखायचं, आणि मग ब्रेक दाबायचा.

हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांच्या आवारात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, नाही असं नाही. पण रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही, त्याच्यावर प्रकाश पडावा लागतो. त्यावर आठ दिवसांत धूळ बसते. आणि मुख्य म्हणजे भरलेल्या ट्रॉलीतून ऊस मागे हात-दोन हात बाहेर लोंबतो. वाढ्याच्या त्या झुपक्यामागे फाळक्यावरचा रिफ्लेक्टर पूर्ण झाकला जातो. म्हणजे रिकाम्या ट्रॉलीला तो दिसतो आणि भरलेल्या ट्रॉलीला दिसत नाही. गरज नेमकी उलटी असते.

म्हणून गेल्या दसऱ्याला आठ दिवसांची सुट्टी टाकून मी गावी आलो.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. म्हणाले, “लाइट लावून टन वाढत्यात का?”

मी म्हणालो, “न्हाई वाढत, आप्पा.”

“मग?”

मी काही बोललो नाही. जबडा मोडलेला तो मुलगा आमच्या दोघांच्या मधोमध बसल्यासारखा होता. आप्पांनी कप खाली ठेवला. “कर काय करायचं ते. पण निघायच्या आत कर.”

पहिलं काम जोडणीचं. पिन बाहेर काढली तर मधोमध झिजून कंबर बारीक झालेली. ट्रॉलीच्या दांडीचं कडंही एका बाजूने खाल्लेलं होतं. या खेळामुळेच गाडी निघताना आणि थांबताना मागून धक्का बसायचा. जाड पिन आणली, कड्यावर वेल्डिंगवाल्याने भर चढवली. वाकवलेल्या खिळ्याच्या जागी स्प्रिंगची क्लिप आली. मग दोन साखळ्या. पुढच्या ट्रॉलीच्या चासीपासून मागच्या ट्रॉलीच्या चासीपर्यंत, दांडीखालून एकमेकींवर फुलीसारख्या. पिन तुटली आणि दांडी खाली पडली, तर ती रस्त्यात रुतायच्या आधी या फुलीवर अडकते. साखळी इतकी सैल हवी की वळताना ताणली जाऊ नये, आणि इतकी घट्ट की रस्त्याला घासू नये. हे माप घेण्यात एक अख्खी दुपार गेली.

दुसरं काम तबकडीचं. आमच्या ट्रॉल्या चारचाकी आहेत. पुढची दोन चाकं एका फिरत्या तबकडीवर असतात, म्हणून ट्रॉली वळते. ती तबकडी सैल झाली की सरळ रस्त्यावरही मागची ट्रॉली शेपटीसारखी हलते. ट्रॅक्टरवर बसलेल्याला ते कळत नाही, शेजारून ओव्हरटेक करणाऱ्याला कळतं. ती खोलली, ग्रीस भरलं, बोल्ट बदलले.

तिसरं काम वायरिंगचं. आमच्या ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचं सॉकेट नवा घेतल्यापासून आहे: डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेक, दोन टेल लाइट, अर्थ आणि एक जादा. त्यात शेण आणि माती भरलेली होती. इतक्या वर्षांत त्यात कुणी काही खुपसलंच नव्हतं. ते साफ करून पुढच्या ट्रॉलीच्या खालून पाइपातून वायर नेली, तिच्या मागे दुसरं सॉकेट बसवलं आणि तिथून मागच्या ट्रॉलीला.

राहिला प्रश्न लोंबणाऱ्या उसाचा. त्याला उपाय साधा निघाला. एक लाकडी फळी घेतली, तिच्या दोन टोकांना दोन एलईडी लाल दिवे, मधे लाल रेडियमची पट्टी. फळी ट्रॉलीला ठोकायची नाही, दोरीने बांधायची. गाडी रिकामी असली की फाळक्यावर, भरली की लोंबणाऱ्या उसाच्या सगळ्यात बाहेरच्या टोकाला. वायर तेवढी लांब ठेवली. बाजूंना पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. चाकाखाली लावायला दगडाऐवजी बाभळीच्या दोन पाचरी करून त्या दोरीने ट्रॉलीलाच बांधल्या, कारण चाक दुरुस्त झाल्यावर दगड रस्त्यातच राहतो आणि पुढच्या मोटारसायकलवाल्याला तोच पाडतो.

एक गोष्ट मला जमली नाही. ब्रेक. व्हिडिओतल्या कारला स्वतःचा ब्रेक होता. आमच्या दोन्ही ट्रॉल्यांना नाही. दोन-अडीच टनांचा ट्रॅक्टर, त्यामागे वीस टनांच्या आसपास ऊस, आणि हे सगळं थांबवायचं ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. उतारावर ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलतात. तिथे आप्पा उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकतात आणि मग क्लचला पाय लावत नाहीत. दोन ट्रॉल्यांना ब्रेक बसवायचा खर्च विचारला आणि गप्प बसलो. तेवढ्यात एका कोयत्याची उचल आली असती.

माझा सगळा खर्च चार हजारांच्या आत होता. तोही मी दिला म्हणून झाला. मुकादम म्हणतो गाडी तुमची, कारखाना म्हणतो ठेका मुकादमाचा, आणि टनाच्या भावात लाल दिवा कुठेच धरलेला नसतो. तो दिवा ना तोडणाऱ्याच्या कामाचा, ना ओढणाऱ्याच्या. तो मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो, आणि तो माणूस कुणाच्याच हिशोबात नसतो, रात्री येऊन धडकेपर्यंत.

निघायच्या दिवशी आईने ट्रॅक्टरला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागे चालत गेली आणि त्या फळीलाही कुंकवाचं बोट लावलं.

संध्याकाळी टोळी निघाली. मी मोटारसायकल घेऊन मागे राहिलो. मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर हायवेला लागेपर्यंत अंधार पडला होता. मुद्दाम बराच मागे थांबलो आणि मग डिम लाइटवर निघालो. त्या मुलाला जे दिसलं नव्हतं ते मला पाहायचं होतं.

तीस मीटर नाही, खूप लांबून दिसलं. दोन लाल ठिपके आणि मधे एक पट्टी. ट्रॉली दिसत नव्हती, शेळ्या दिसत नव्हत्या, पुढच्या ट्रॉलीत बसलेली आई दिसत नव्हती. पण तिथे काहीतरी आहे, ते आपल्याच दिशेने हळू चाललं आहे, एवढं कळत होतं. आप्पांनी कशासाठी तरी ब्रेक दाबला, तसे दोन्ही ठिपके एकदम ठळक झाले. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

चौसाळ्यापर्यंत गेलो आणि परतलो.

डिसेंबरात आप्पांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून आधी घाबरलो. म्हणाले, कारखान्यावर गाडी उभी असताना कुणीतरी फळीची वायर कापून नेली. मी म्हणालो, जाऊ द्या, आलो की बघू.

“जाऊ द्या कसं?” आप्पा म्हणाले. “रात्री गाडी भरायचीय. वायर कोणती आणायची तेवढं सांग.”

मी सांगितली. त्यांनी फोन चालू ठेवूनच दुकानदाराला ती तशीच सांगितली. मग थोडं थांबून म्हणाले, “आन् दिवं दोन जादा घेतो. शेजारच्या गाडीवाल्यालाबी पायजेत.”