अडलं कुठं?

‘चालूच होत नाही’ एवढीच तक्रार घेऊन माणूस दुकानात येतो. घरचे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या हार्डवेअरवाल्याला एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. मग त्याचे प्रश्न सुरू होतात. बटण दाबल्यावर पंखा फिरतो का? फिरून थांबतो, की फिरतच राहतो? बीप वाजतो? स्क्रीन काळीच राहते, की कंपनीचं नाव दिसतं आणि मग अडतं? आदल्या रात्री वीज गेली होती का? कुणी कॅबिनेट सरकवून मागची धूळ झाडली का? गिऱ्हाइकाला वाटतं, हा उगाच वेळ काढतोय. पण निम्मी दुरुस्ती इथेच होते. कॉम्प्युटर एकदम चालू होत नाही, ठरलेल्या क्रमाने होतो. त्या क्रमातला नीट पार पडलेला शेवटचा टप्पा कळला, की बिघाड त्याच्या पुढच्याच टप्प्यावर शोधायचा असतो.

हा क्रम बटणाच्या आधीच सुरू झालेला असतो. भिंतीवरच्या सॉकेटमधून एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला, वीज मिळाली, की त्याच्या जांभळ्या तारेवर 5 व्होल्ट कायम हजर असतात, कॉम्प्युटर बंद असतानाही. बटण दाबल्याने वीज जोडली जात नाही, मदरबोर्डला फक्त इशारा मिळतो. मदरबोर्ड मग हिरवी तार ग्राउंडला खेचतो, एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 व्होल्ट उभे करतो, ते स्थिरावले की 100 ते 500 मिलिसेकंदांत करड्या तारेवरून ‘पॉवर गुड’चा निरोप धाडतो. तो निरोप येईपर्यंत प्रोसेसर रोखून धरलेला असतो. इंटेलने 1995 साली आणलेल्या एटीएक्स मानकातली ही रचना आजही घरोघरच्या डेस्कटॉपमध्ये आहे. हल्ली काही एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या असतात, तेव्हा रंगावर न जाता 24 पिनांच्या कनेक्टरमधल्या जागेवरून तार ओळखावी लागते.

म्हणून पंखासुद्धा हलत नसेल तर हात आधी स्पाइक बस्टरकडे जातो, मग एसएमपीएसच्या मागच्या खटक्याकडे. साफसफाईत तो खटका बंद झालेला सापडतो आणि काम मिनिटात संपतं. खटका चालू असूनही काही हलत नसेल, तर कनेक्टर मदरबोर्डवरून काढून हिरवी आणि काळी तार पेपरक्लिपने जोडतात. एसएमपीएसचा पंखा फिरला की बरेच जण त्याला निर्दोष ठरवून मोकळे होतात. ही घाई बरी नव्हे. पंखा फिरवायला लागतं किती थोडं! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा भार पडला की तोच एसएमपीएस कोलमडू शकतो. मल्टिमीटर लावून भाराखाली 12 व्होल्टची तार मोजावी. आकडा 11.4 ते 12.6 च्या आत हवा. एसएमपीएसचं पत्र्याचं खोकं मात्र घरी कुणीही उघडू नये. आपले 230 व्होल्ट तिथे साठतात ते सुमारे 325 व्होल्ट होऊन, आणि प्लग काढल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये मुक्काम करतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, असं कुणी सांगितलं तर अनुभवी माणूस आधी घरातलं अर्थिंग तपासतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह पत्र्याकडे झिरपतच असतो, त्याला जमिनीत जायला वाट लागते. तिसरी पिन नुसती दिसायला असेल, तर ती वाट बंद होते. अशा घरात नवा मदरबोर्ड बसवण्याआधी वायरमनला बोलवावं, हे गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगणं हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी. बाजारात याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात आणि या धंद्यातला बराचसा दिवस त्यातच जातो. इथे प्रोसेसर जागा झालेला असू शकतो. बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, रॅम आणि ग्राफिक्स तपासत असतो आणि त्यातलं काहीतरी त्याला सापडत नसतं. जुने बोर्ड हे आवाजाने सांगायचे. अवॉर्ड बायोसचा एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. नव्या बोर्डांवर बहुधा स्पीकर नसतो. त्याऐवजी अनेकांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात, आणि जो दिवा पेटून राहतो तिथे गाडी अडलेली असते. डीडीआर5 रॅम असलेलं मशीन मात्र पहिल्यांदा चालू होताना रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटं घेऊ शकतं. त्या काळ्या स्क्रीनला घाबरून बटण दाबून धरलं, तर तेच काम पुन्हा पहिल्यापासून.

‘नो डिस्प्ले’वरचा आपल्याकडचा सर्वांत लाडका उपाय म्हणजे रॅम काढून खोडरबरने घासणं. कोकणातल्या दमट हवेत, पावसाळ्यात, तो लागूही पडतो. पण गुण येतो तो बरेचदा नुसती रॅम काढून पुन्हा घट्ट बसवल्यामुळे, कारण त्या सरकण्यातच संपर्काची जागा साफ होते. रॅमच्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि दरवेळच्या रबराने तो झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवणं जास्त चांगलं. त्यानंतर एकच रॅम, एकच स्लॉट, बाकी सगळं काढलेलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजाराजवळ दुकान असलं की सुटे भाग हाताशी असतात आणि तीन-चार भाग एकदम बदलून बघायचा मोह होतो. मशीन सुरू होतंही, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि चांगल्या भागाचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी पडतात.

कधी दोष रुपयासारख्या गोल सेलमध्ये निघतो. सीआर2032, 3 व्होल्टचा. तो संपला की घड्याळ मागे जातं आणि बायोसमधल्या नोंदी मूळ जागी परततात. बूट करण्याच्या जुन्या पद्धतीने बसवलेली विंडोज असेल आणि बोर्ड आपणहून नव्या पद्धतीवर गेला, तर धडधाकट डिस्क समोर असून मशीन म्हणतं, बूट करायला काही नाही. अशा वेळी ‘फॉरमॅट मारा’ असा सल्ला देणं हा मोठा अन्याय आहे. नवा सेल आणि बायोसमधली एक नोंद, एवढ्यावर काम भागतं.

26 एप्रिल 1999 या दिवशी काही मशीनवर चालू होण्याचा हा क्रम मुळातच तुटला होता. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला. विंडोज 95 आणि 98 च्या मशीनवर त्याने डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि जिथे जमलं तिथे बायोसच्या चिपवरही भलतंच लिहून ठेवलं. त्या मशीनवर बटण दाबलं की पंखा फिरे, पण प्रोसेसरला पहिली आज्ञाच मिळत नसे. ज्या बोर्डांवर चिप सॉकेटमध्ये होती ते वाचवायची एक धाडसी रीत कारागिरांना ठाऊक होती. तसाच चांगला बोर्ड चालू करायचा, चालू असतानाच त्याची चिप उपसायची, मेलेली चिप बसवायची आणि तिच्यावर बायोस नव्याने लिहायचा. चालू झालेला बोर्ड तोवर रॅममधल्या प्रतीवर काम करत असे, म्हणून हे जमायचं. क्रम आतून माहीत असलेल्यालाच असं सुचतं.

कंपनीचं नाव दिसून पुढे अडत असेल, तर डिस्कला कान लावतात. फिरत्या हार्डडिस्कमधून ठरावीक अंतराने टक्‌-टक्‌ येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून बघणं ताबडतोब थांबवायचं, कारण प्रत्येक खेपेला आतलं आणखी काही खरवडलं जाऊ शकतं. आवाज नसेल आणि डिस्क ओळखली जात असेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवायची. विंडोजची दुरुस्ती त्यानंतर. मशीन पुन्हा विकत मिळतं, लग्नाचे फोटो मिळत नाहीत.

अलीकडे यात एक नवी अडचण आली आहे. नव्या विंडोज मशीनवर डिस्क पुष्कळदा मालकाच्या नकळत कुलूपबंद झालेली असते. मदरबोर्ड बदलला की विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागते, आणि ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतलं काही वाचता येत नाही. म्हणून नीट काम करणारा माणूस बोर्डाला हात लावण्याआधी विचारतो, “काका, हे मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा कुठला ईमेल टाकला होता?” काकांना आठवत नाही, सगळं पुतण्यानं करून दिलेलं असतं. मग पुतण्याला फोन लागतो, तो आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधून आकडे एकेक करून सांगतो, काका ते वहीत उतरवतात, एकदा परत वाचून दाखवतात, आणि त्यानंतरच बोर्डाचे स्क्रू सुटतात.