पनवेलहून वहिनींना

नवीन पनवेल,
भाऊबीज, रात्र

प्रिय वहिनी,

आम्ही सुखरूप पोचलो. सावंतवाडी-दिवा गाडीला चिपळूणला गर्दी होती, पण खेडनंतर मुलांना खिडकी मिळाली. आरक्षित डब्यात मुलासाठी वेगळी जागा मागितली की 2016 पासून पूर्ण भाडे पडते. साध्या डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अजून अर्धेच तिकीट आहे. दिवसाचा प्रवास आणि सोबत चकलीचा डबा, त्यामुळे जागेसाठी जास्तीचे पैसे टाकायची गरजच वाटली नाही. तुमची बाय रोह्यापर्यंत बोगदे मोजत होती.

दादाला ओवाळून झाले, जेवणे झाली आणि मग आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानाच्या सहलीचा हिशोब मांडायला बसलो. निघताना तुम्ही पाकीट हातात दिलेत, तेव्हाचे शब्द डोक्यात पक्के आहेत: एवढ्यात बसव, पण पोरे हिरमुसून परत यायला नकोत. गणपतीपासून घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे आहेत हे. ते कुठे आणि का खर्च होणार, हे आधी तुम्हाला कळले पाहिजे, म्हणून झोपण्याआधी लिहायला घेतले.

दादाचे म्हणणे असे, की अशा सहलीत लोक तिकिटाकडे बघून घाबरतात, पण खिसा रिकामा होतो तो मुक्कामाने आणि गाडीने. दिवाळीच्या आठवड्यात लोणावळा-खोपोलीकडे खोली घ्यायची, वर मुंबईहून भाड्याची मोटार करायची, म्हणजे तिकिटाइतकाच खर्च दाराबाहेर होऊन जातो. आपल्याला पनवेलचे घर आहे. पनवेलच्या एसटी स्टँडवरून खोपोलीची गाडी मिळते, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पळस्पे, शेडुंग, चौक, खालापूर करत जाते. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे माझे आणि बायचे अर्धे, मुलग्यांचेही वयाने अर्धे. पूर्ण तिकीट एकट्या दादाचे. मोटारीचा विषय तिथेच मिटला.

वार ठरवायला मात्र वेळ लागला. तिकिटाचे दर तारखेप्रमाणे वरखाली होतात, शनिवार-रविवार आणि दिवाळीची गर्दी महाग. मुले उद्याच निघू म्हणून मागे लागली होती. पण शाळा उघडायला अवकाश आहे, तेव्हा गर्दी ओसरल्यावर पुढच्या बुधवारी जायचे आणि तिकिटे दादाच्या फोनवरून काढायची ठरवले. पडद्यावर पहिल्यांदा दिसतो तो आकडा खरा धरायचा नाही, त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. 2018 च्या जानेवारीआधी तो 28 टक्के होता, म्हणजे त्या मानाने आपण बऱ्या काळात चाललो आहोत.

बाकी पुढच्या पत्रात. घरच्या फराळाची चव इथे सगळ्यांना आवडली, विशेषतः तुमच्या कडबोळ्यांची.

तुमची,
धाकटी जाऊ


नवीन पनवेल,
शनिवार

प्रिय वहिनी,

आज दोन कामे केली. सकाळी भिंतीला पट्टी लावून तिन्ही मुलांची उंची मोजली. हसू नका, हे फार महत्त्वाचे काम आहे. तिथे प्रत्येक राईडच्या तोंडाशी उंचीचा खांब असतो आणि त्यावर कुणाची वशिलेबाजी चालत नाही. मोठ्या रोलर कोस्टरला साधारण साडेचार फूट उंची लागते. आपला मोठा त्यात बसतो. बाय बोटभर कमी आहे. धाकटा तर लांबच. हे तिथे रांगेत तासभर उभे राहून कळले असते तर बायने दिवसभर तोंड उघडले नसते. आज घरीच कळले, ती अर्धा तास गप्प बसली आणि मग स्वतःच म्हणाली, ‘मी बसू शकेन अशी यादी करून दे.’ मी तिला यादी करून दिली, आणि ती तिने उशाखाली ठेवली आहे.

दुसरे, मोठी माणसे किती जायची ते ठरले. भावजय म्हणाली, मीही येते. पण एका मोठ्या तिकिटात मुलांचे दिवसभराचे खाणेपिणे निघते. तिघांमागे एकच मोठे माणूस नेले, तर मोठ्याला उंच राईडवर घेऊन जाताना धाकट्याजवळ कुणीच राहत नाही. दोघे पुरतात आणि दोघे लागतातच. म्हणून दादा आणि मी. भावजयीने ते मनापासून मान्य केले. तिच्या माहेरचे लोक उन्हाळ्यात येतील, तेव्हा ती त्यांच्याबरोबर जाईल.

तिथे थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क अशी तीन वेगळी ठिकाणे आणि तीन वेगळी तिकिटे आहेत. धाकट्याला बर्फ पाहायचा आहे. मी नाही म्हटले. एका दिवसात दोन ठिकाणे घेतली तर दोन्हीकडे धावपळ, आणि पैसे दुप्पट. एकच घ्यायचे आणि ते पुरते पाहायचे.

आईंची गुडघ्याची गोळी फडताळात वरच्या कप्प्यात आहे.


नवीन पनवेल,
बुधवार, रात्री उशिरा

प्रिय वहिनी,

मुले आडवी पडली आहेत, बूटसुद्धा काढले नव्हते, मी काढले. आता झोप येण्याआधी सगळे लिहून टाकते.

सकाळी पहिल्या गाडीने निघालो. खोपोलीत उतरून रमाकांतचा वडापाव पोटभर खाल्ला, कारण बाहेरचे खाणे आत नेता येत नाही आणि अशा सगळ्याच उद्यानांत आतले खाणे महाग. तिथून पाली रस्त्याला रिक्षा केली. सांगडेवाडी गावाजवळ डावी-उजवीकडे डोंगर आणि मध्ये एकदम ते रंगीत घुमट, मनोरे. दार उघडण्याआधीच आम्ही दाराशी होतो.

वहिनी, एक गोष्ट मला रांगेत उभे असताना समजली आणि मग सगळा दिवस मी तिच्याप्रमाणे चालवला. आपल्याकडच्या जत्रेत पाळण्याला वेगळे पैसे, मौत का कुआँला वेगळे, बंदुकीने फुगे फोडायला वेगळे. तिथे पैसे वाचवायचे तर कमी खेळायचे आणि मुलाचा हात धरून पाळण्यापासून लांब न्यायचे. अमेरिकेतले डिस्नीलँड 1955 मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी तिथेही राईडनुसार तिकिटांची वही विकायला सुरुवात झाली. ती पद्धत त्यांनी 1982 मध्ये बंद केली. इमॅजिकात दारात पैसे दिले की आत सगळे मोकळे. म्हणजे तिथे काटकसर उलटी. मुलाला ‘पुरे’ म्हणण्यात काहीच वाचत नाही. वाचवायचा असतो तो वेळ. आत गेल्यावर रांगेत गेलेला तास हाच खरा खर्च, आणि जेवणाच्या वेळेला सगळे जेवायला जातात तेव्हा तुम्ही राईडवर असाल तर तो कमी होतो.

म्हणून दार उघडल्याबरोबर दादा मोठ्याला घेऊन सरळ नायट्रोकडे गेला. दाराजवळची दुकाने, फोटो काढणारे, बाहुल्या यांत अर्धी गर्दी अडकते. नायट्रो म्हणजे ती मोठी रोलर कोस्टर, सुमारे 40 मीटर उंच, 2013 च्या नोव्हेंबरात सुरू झालेली. स्वित्झर्लंडच्या कंपनीची आहे. तिला पायाखाली फळीच नाही, पाय हवेत, आणि पाच वेळा माणूस उलटा होतो. मी खालून बघत होते. मोठा वर गेला तेव्हा मी डोळे मिटले नाहीत, कारण त्याने बघायला सांगितले होते. उतरला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते आणि चेहऱ्यावर असा आनंद होता, की त्याच्या वडिलांनी तो बघायला हवा होता. रांग तेव्हा छोटी होती, तो पुन्हा गेला. दुपारी तिथेच माणसांची वळणावर वळणे लागली होती.

तोवर मी बाय आणि धाकट्याला घेऊन तिच्या यादीप्रमाणे चालले. अलीबाबामध्ये गाडीत बसून चोरांवर नेम धरायचा असतो, त्यात बायने मला हरवले. मग राजासॉरसची बोट. वहिनी, हे नाव मला आधी पोरखेळ वाटले. पण मोठ्याने नंतर पाठ्यपुस्तकाबाहेर वाचलेले सांगितले, की राजासॉरस खरा आहे, गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात रहिओलीला त्याची हाडे सापडली आणि 2003 मध्ये त्याला नर्मदेवरून राजासॉरस नर्मदेन्सिस असे नाव दिले. आपल्याच मातीतला प्राणी. बोट खाली कोसळते आणि सगळे भिजतात. दोघांचे कोरडे कपडे मी पिशवीत नेले होते. तिथे रेनकोट विकत घेणाऱ्यांची रांग पाहिली तेव्हा पिशवी जड झाल्याचे काही वाटले नाही.

दुपारी ‘आय फॉर इंडिया’. याबद्दल मला जरा जास्त लिहायचे आहे, कारण हे आईंसाठी आहे. खुर्चीत बसायचे, पट्टा लावायचा, खुर्च्या पुढे सरकतात, पाय अधांतरी होतात आणि समोर भलामोठा गोल पडदा. हेलिकॉप्टरमधून चित्रित केलेला सगळा देश खालून सरकत जातो. बर्फाचे डोंगर, वाळवंट, समुद्र, देवळांचे कळस. हिसके नाहीत, भीती नाही. माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या. डोंगर आले तेव्हा त्यांनी हात जोडले. आईंनी आयुष्यात देवदर्शनाला जे काय बघितले ते एसटीच्या खिडकीतून. त्यांना हे दाखवायचेच, असे मी तिथल्या तिथे ठरवून टाकले.

जेवण आम्ही तीनच्या पुढे केले. तेवढ्या एका जेवणाचे पैसे मी घरातूनच वेगळ्या पाकिटात बांधून नेले होते, आणि मुलांना प्रत्येकी एक ठरावीक रक्कम हातात दिली होती: आइस्क्रीम घ्या, खेळणे घ्या, परत आणा, तुमची मर्जी. त्यानंतर दिवसभरात एकदाही ‘आई हे घे ना’ ऐकले नाही. बायने पैसे परत आणले आहेत. ते तिचे तिलाच ठेवू द्या, वहिनी, घरखर्चात घेऊ नका.

मिस्टर इंडियाच्या राईडला रांग फार होती, ती सोडली. सलीमगढला धाकटा घाबरेल म्हणून गेलो नाही. तिकीट वसूल करायचे म्हणून दमलेल्या मुलाला ओढत नेणारे आईबाप मला ठिकठिकाणी दिसले, आणि त्या मुलांचे रडणे ऐकवत नव्हते. संध्याकाळी मिरवणूक निघते, दिवे, नाचणारे, सजवलेल्या गाड्या, ती पाहायला मात्र तिघेही कठड्यावर चढून उभे होते. शेवटच्या गाडीची वेळ दादाने सकाळीच विचारून ठेवली होती.

दिलेल्या पैशांत झाले. थोडे उरलेही आहेत. तपशील वहीत लिहीन.


नवीन पनवेल,
शुक्रवार

प्रिय वहिनी,

तुम्ही आणि भाऊजी मे महिन्यात बाळाला घेऊन याल, त्यासाठी हे पत्र जपून ठेवा.

मेच्या उन्हात थीम पार्क नको, उघड्यावर फार चालावे लागते. तेव्हा वॉटर पार्क बरे, ते 2014 पासून त्याच आवारात आहे. तिथे सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचेच लागतात, आणि दाराशी भाड्याने घ्यायला गेलात तर पैसे जातात. ते कपडे पनवेलच्या बाजारात घेता येतील, किंवा चिपळूणलाच घ्या, म्हणजे पुढेही वाशिष्ठीच्या काठी उपयोगी पडतील. दादा लहान असताना शाळेच्या सहलीतून गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेला होता, 1989 मध्ये सुरू झालेले ते. त्याच्या सगळ्या आठवणी पाण्यातल्याच आहेत. आता एस्सेलवर्ल्ड बंद झाले आहे, तेव्हा इकडच्या मुलांना हेच.

शिर्डीचा विचार भाऊजी करत होते. इमॅजिका 2022 पासून संगमनेरच्या मालपाणींकडे आहे, आणि शिर्डीलाही त्यांचेच वॉटर पार्क आणि साईतीर्थ हे थीम पार्क आहे. दर्शन आणि मुलांची मजा एका फेरीत होईल हे खरे. पण तिथे राहायला आपले कुणी नाही, मुक्काम वाढतो. पहिल्या वेळेला पनवेलच बरे, असे माझे स्पष्ट मत.

आणि आईंना आणाच. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, एसटीत त्यांना 2022 पासून तिकीटच नाही. खोपोलीच्या अलीकडे महडचा फाटा लागतो. अष्टविनायकांतला वरदविनायक. रामजी महादेव बिवलकरांनी ते देऊळ 1725 मध्ये बांधले आणि तिथला नंदादीप 1892 पासून तेवतो आहे असे सांगतात. गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करता येते, आईंना याचे किती अप्रूप वाटेल! सकाळी महड करा, रात्री दादाकडे या, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मुलांना पाण्यात घेऊन जा. ‘आय फॉर इंडिया’साठी मात्र थीम पार्कचे तिकीट लागते, ते मी हिवाळ्यात आईंसाठी वेगळे जमवीन, त्यासाठी उरलेले पैसे मी वहीत त्यांच्या नावावर टाकले आहेत. तुमची हरकत नसावी.

ज्येष्ठांना आणि शाळेच्या ओळखपत्रावर विद्यार्थ्यांना कधीकधी सवलत असते. आईंचे आधार कार्ड आणि बायचे ओळखपत्र आणायला विसरू नका. तारीख शाळेचा निकाल लागला की लगेच ठरवा, म्हणजे दादाला रजा टाकता येईल.

आम्ही रविवारी दिवा-सावंतवाडीने निघतो. ती पनवेलला सकाळी येते. भाऊजींना दुपारी चिपळूण स्टेशनवर पाठवा, सामान आणि झोपलेला धाकटा दोन्ही आहेत.

तुमची,
धाकटी जाऊ