समजा, क्ष

मराठीतला 'समजा' हा शब्द दोन तोंडांचा आहे. गणिताच्या तासाला गुरुजी फळ्यापाशी उभे राहून म्हणायचे, "समजा, मुलाचं वय क्ष." मग वडिलांचं वय मुलाच्या तिपटीहून दोनने जास्त निघायचं, पाच वर्षांपूर्वी आणखी काहीतरी असायचं, आणि शेवटी हातावरचा खडू झटकत गुरुजी विचारायचे, "समजलं?" 'समजा'ला आम्ही मान डोलवायचो, 'समजलं'लाही डोलवायचो. दोन्ही वेळा मान सारखीच हलायची. न समजता समजून चालायची ही सवय मला टी.वाय.बी.एस्सी.च्या अल्जिब्राच्या पेपरापर्यंत पुरली.

पुण्यात आलो तेव्हा क्ष मागेच राहिला. त्याच्या जागी एक्स आला, आणि 'समजा'च्या जागी 'लेट'. खानदेशातल्या मराठी शाळेतून आलेल्या पोराला 'लेट'चा एकच अर्थ ठाऊक होता, आणि तो मी सकाळच्या सातच्या तासाला रोज सिद्ध करायचो. पुस्तकात प्रत्येक प्रूफ 'लेट'ने सुरू व्हायचं. लेट जी बी अ ग्रुप. असू दे. आमची कुठे हरकत होती?

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर आम्ही तिघं राहायचो. एक सांगलीचा, एक परभणीचा आणि मी चाळीसगावकडचा. तिघांचाही विषय गणित, तिघांत मिळून हर्स्टीनच्या पुस्तकाची एक झेरॉक्स. तिची शेवटची पानं कुणीतरी उलटी लावून शिवली होती, त्यामुळे शेवटच्या प्रकरणासाठी पुस्तक डोक्यावर उभं करावं लागे. हर्स्टीन अवघड उदाहरणांपुढे चांदणी छापतो. सांगलीचा म्हणायचा, चांदण्या रात्री बघायच्या असतात, सोडवायच्या नसतात. आम्ही त्या ओलांडून पुढे जायचो आणि बिनचांदणीच्या उदाहरणाला अडखळायचो.

मार्च लागला की पेठेतल्या अभ्यासिका रात्रभर उजेडात असत. बाहेर कडुनिंबाला मोहोर आलेला, त्याचा कडसर गोड वास खिडकीतून आत यायचा, आणि आत पंख्याखाली पन्नास पोरं ओठ हलवत बसलेली. ओठ हलवत, हे महत्त्वाचं. गणिताची पोरंसुद्धा पाठच करत होती. गेल्या पाच वर्षांचे पेपर समोर ठेवून आम्ही हिशोब मांडला होता: लाग्रांजचा थिअरम चार वेळा आलेला, केलीचा तीन वेळा, होमोमॉर्फिझमचा पहिला थिअरम दर वर्षी. पाच प्रूफ घोटली की निम्मा पेपर खिशात. लाग्रांजचं प्रूफ मी रामरक्षेसारखं पाठ केलं होतं. अडचण अशी, की रामरक्षेत मधली ओळ विसरली तर पुढच्या ओळीपासून धरता येतं. प्रूफमध्ये मधली ओळ गेली की पुढच्या सगळ्या ओळी नुसता आवाज होतात. रात्री दीडला माझी ती ओळ जायची. रोज तीच.

लाग्रांजला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. १७७०-७१ च्या सुमाराला तो समीकरणांच्या मुळांची अदलाबदल करून पाहत होता, आणि 'ग्रुप' हा शब्द त्या अर्थाने वापरणारा एव्हारिस्त गाल्वा अजून जन्मालाही यायचा होता. गाल्वाची गोष्ट आम्हाला प्राध्यापकांनी मोठ्या उमाळ्याने सांगितली होती: विसाव्या वर्षी, १८३२ साली द्वंद्वयुद्धात गेला, आदल्या रात्री मित्राला गणिताचं लांबलचक पत्र लिहून. प्राध्यापकांचे डोळे पाणावले. आमच्या बाकावर मात्र दुसऱ्याच गोष्टीची चर्चा झाली. हा प्राणी एकोल पॉलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाला होता. आमच्याहूनही लहान असताना, तेही गणितातच. मोठा दिलासा वाटला. त्या दिलाशाने कुणाचा अर्धा मार्क वाढल्याचं मात्र ऐकिवात नाही.

ओळ सापडली ती मेसमध्ये. तीही रविवारी, फीस्टच्या दिवशी, श्रीखंडाच्या वाटीवर. सांगलीच्याला मी लाग्रांज म्हणून दाखवत होतो आणि तो, नेहमीप्रमाणे, दर ओळीला "पण का?" विचारत होता. ग्रुपच्या पोटातल्या छोट्या ग्रुपची सभासदसंख्या मोठ्याच्या संख्येला नि:शेष भाग देते, इतकंच त्या थिअरमचं म्हणणं. "पण का?" मी चिडलो. तो म्हणाला, "थांब. आमच्या गावच्या भंडाऱ्याचं बघ."

पहिली पंगत बसली, तो छोटा ग्रुप. आता बाहेर उभा असलेला कुणी एक घ्यायचा, आणि पहिल्या पंगतीतल्या प्रत्येकाला त्याने गुणायचं. जी मंडळी मिळतील ती दुसरी पंगत. पहिलीत जितक्या पत्रावळी तितक्याच दुसरीत, कारण दोघं एका पत्रावळीवर येऊच शकत नाहीत. आले तर ते आधीपासून एकच होते असं ठरतं. तसाच, एक माणूस दोन पंगतींत जेवत नाही. दोन पंगतींत एक चेहरा जरी सारखा निघाला, तरी अख्खी पंगत तीच निघते. आणि उपाशी कुणी राहत नाही, कारण जो उरला त्याच्या नावाने पुढची पंगत बसते. म्हणजे गावची माणसं किती? पंगती गुणिले पत्रावळी. "झालं प्रूफ," तो म्हणाला, आणि माझ्या वाटीतलं श्रीखंड बोटाने पुसून नेलं.

रोज रात्री हरवणारी माझी ती ओळ म्हणजे 'एक माणूस दोन पंगतींत जेवत नाही', एवढीच होती. ती पुन्हा कधी हरवली नाही. हरवण्यासारखी राहिलीच नाही.

त्यानंतर आम्हाला नादच लागला. 'कम्युटेटिव्ह', 'असोसिएटिव्ह', 'आयडेंटिटी', 'इन्व्हर्स' ही मंडळी वर्षभर परक्यासारखी वागवली होती. त्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं, की हे तर क्रमनिरपेक्षता, साहचर्य, अविकारक आणि व्यस्त, शाळेच्या पुस्तकातले, आपल्याच गल्लीतले. क्रमनिरपेक्ष हा शब्द मला आजही इंग्रजीपेक्षा उजवा वाटतो. क्रमाची अपेक्षा नाही, म्हणजे आधी हा की आधी तो, फरक पडत नाही. शब्दातच व्याख्या सांगून मोकळा होतो. आणि व्यस्ताचा नियम तर आमच्या खोलीच्या दारालाच लटकत होता. दोन क्रिया एकापाठोपाठ केल्या, तर त्या उलटवताना क्रमही उलटतो. जाताना आधी कडी, मग कुलूप. आल्यावर आधी कुलूप, मग कडी. परभणीच्याने दारावर खडूने तो नियम चिन्हांत लिहून ठेवला. मालकीणबाईंनी तो पुसायला लावला. त्यांना वाटलं उधारीचा हिशोब आहे.

पेपराला बारा दिवस असताना मी चार दिवस गावी गेलो. घरी अभ्यास जास्त होतो, हा गैरसमज प्रत्येक पोर एकदा तपासून पाहतंच. आबा म्हणाले, "पेपर आहे, पाटणादेवीला नारळ देऊन येऊ." चाळीसगावहून दक्षिणेला, सह्याद्रीच्या कुशीत ते देऊळ आहे. सागाची पानं गळून रानाचा सांगाडा उरलेला, पळस तेवढा पेटलेला. आमच्या भागात शाळेपासून कानावर पडलेलं असतं की देवळाजवळचं हे पाटण म्हणजे गणिती भास्कराचार्यांचं गाव. ते हेच की दुसरं, यावर विद्वानांचे वाद आहेत. आमच्या तालुक्यापुरता तो केव्हाच मिटला आहे. पण एक गोष्ट वादाबाहेरची. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, आणि त्याचा शिलालेख, शके ११२८ चा, पाटणला आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. लेख संस्कृतात सुरू होतो, पण देण्याघेण्याचा मुद्दा आला तसा जुन्या मराठीत उतरतो: बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचं गिऱ्हाइकाकडून येणारं जे देणं राजाचं होतं, ते मठाला दिलं.

आबांचं किराणा दुकान. मी त्यांना हे सांगितलं तर ते नारळ सोलता सोलता थांबले. म्हणाले, "म्हणजे तेव्हाही गणिताच्या पोरांची मेस बाजारच भरत होता." महिन्याच्या पाच तारखेला त्यांची मनीऑर्डर यायची. मी काही बोललो नाही.

भास्कराचार्यांनी बीजगणिताचा ग्रंथ ११५० च्या सुमाराला पुरा केला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यांच्याकडे क्ष नव्हता. न कळलेल्या संख्येला ते म्हणत 'यावत्तावत्', जेवढी असेल तेवढी. दुसरी अज्ञात आली की तिला रंग: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसतं या, का, नी, पी, लो. काळी संख्या, निळी संख्या, पिवळी. मला हे फार आवडलं. एक्स-वायला चेहरा नाही, रंगाला आहे. ज्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग होतो, ती संख्या त्यांनी चक्रवाल रीतीने काढली: २२६१५३९८०, आणि वर्गमूळ १७६६३१९०४९. त्याहून लहान नाही. पाचशे वर्षांनी, १६५७ साली फर्माने याच ६१ चं कोडं युरोपातल्या गणित्यांना घातलं. आणि एवढं सगळं करून भास्कराचार्य सांगतात की अक्षरं म्हणजे बीज नव्हे, बुद्धी हेच बीज, कारण कल्पनेला अंत नाही. त्यांची 'कल्पना' म्हणजे कवीची भरारी नसावी. 'कल्प्य', धरून चाल, मानून चाल. आमच्या गुरुजींचं 'समजा'.

परतीच्या एसटीत मी झेरॉक्सच्या मार्जिनमध्ये ग्रुपच्या सभासदांना का, नी, पी, लो अशी नावं दिली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "बाळ, गाणं शिकतोस का?"

पेपर दुपारी होता. दहा मिनिटं आधी हॉलबाहेर सगळीकडे तेच चालू होतं: ओठ हलताहेत, कुणी शेवटचं पान बघतंय, कुणी "सिलोचा थिअरम येणार नाही, बघ" असं छातीठोक सांगतंय. सिलो आला. लाग्रांजही आला, पण सरळ नाही. लाग्रांजचं उलट विधान खरं आहे का, कारणासह लिहा. म्हणजे बाराला सहाने भाग जातो म्हणून बाराच्या ग्रुपात सहाचा उपग्रुप असलाच पाहिजे का?

'नाही' हे पाठ होतं. चार वस्तूंच्या सम अदलाबदली, त्या बारा, हे उदाहरणही पाठ होतं. कारण पाठ नव्हतं. मी पुरवणीवर 'लेट' लिहिलं आणि बसून राहिलो. समजा. समजा, सहा जणांची पंगत बसलीच. मग बाराजणांत पंगती होणार दोनच. दुसऱ्या पंगतीतल्या कुणाचीही क्रिया त्याच्यावरच पुन्हा एकदा केली, तर तो जाणार कुठे? स्वतःच्या पंगतीत बसला, तर तो आधीपासून पहिलीतलाच होता असं ठरतं. तिसरी पंगतच नाही, तो पहिलीतच येऊन बसणार. म्हणजे कुणीही असो, त्याची दुप्पट पहिल्या पंगतीत. आता चार पाटांवर चौघं बसवा. एकाने जागच्या जागी राहायचं, उरलेल्या तिघांनी गोल सरकायचं. न हलणारा निवडायचे चार प्रकार, सरकायच्या दिशा दोन. अशा अदलाबदली आठ. आणि एका दिशेने दोनदा सरकणं म्हणजे उलट दिशेने एकदा सरकणं, म्हणजे या आठांपैकी प्रत्येक जण कुणाची तरी दुप्पट आहे. आठच्या आठ पहिल्या पंगतीत येणार, आणि पत्रावळी सहा.

मला हसू आलं असावं, कारण पर्यवेक्षक माझ्याकडे आले आणि त्यांनी माझी पट्टी उलटी करून पाहिली. हे सगळं इंग्रजीत, पत्रावळी वगळून लिहायला मला पाऊण तास लागला. सिलोला मग हात लावता आला नाही. होमोमॉर्फिझमचं घोटलेलं प्रूफही अर्धंच राहिलं, जे डोळे मिटून आलं असतं. घंटा झाली. पुरवण्यांना दोरा बांधताना गाठ सुटत होती, तर पुढच्या बाकावरच्या मुलीने मागे न वळता आपला दोरा पुढे केला.

बाहेर सांगलीचा उभा होता. त्याने सिलो लिहिला होता, हा नाही. टपरीवर कटिंग घेईपर्यंत मी त्याला आठ जण आणि सहा पत्रावळी सांगितल्या. त्याने "पण का?" विचारलं नाही. कपाचा कान धरून जरा वेळ रस्त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पंगत माझी होती लेका."

वाड्यावर पोचेस्तोवर अंधार पडला होता. परभणीचा अजून आला नव्हता. खिशातून किल्ली काढून मी आधी कुलूप काढलं, मग कडी.