रिकामा चौकोन

आमच्या घरातला स्तनाचा कॅन्सर बायकांकडून बायकांकडे जातो, असं मी खुशाल धरून चाललो होतो. आत्या त्यातच गेली. मग 38व्या वर्षी बहिणीला गाठ निघाली. गाडी ठरवायची, पैसे भरायचे आणि बाहेर बाकावर बसायचं, एवढाच माझा संबंध.

तिचा रिपोर्ट ट्रिपल निगेटिव्ह. या प्रकारात हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नसतो. रक्ततपासणीत बीआरसीए-1 जनुकात बिघाड सापडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, भावांनीही तपासून घ्या. मी खर्चाचं निमित्त पुढे केलं. खरी भीती मुलीच्या लग्नाची होती. कोरेगावात असलं काही लपत नाही. बहीण केमो घेत होती आणि मी सोयरिकीचा हिशेब करत होतो. इतका हलकटपणा माझ्यात होता.

खारघरला टाटाच्या कॅन्सर जनुक विभागात गेलो तो तिला सोबत म्हणून. तिथल्या बाईंनी कागदावर वंशावळ काढली. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, कॅन्सर झालेला काळा. आत्याचा गोल काळा, बहिणीचा काळा. मी आईकडच्या मावश्या आठवून सांगू लागलो. बाईंनी मला थांबवलं आणि पेन वडिलांच्या चौकोनावर ठेवलं. दोन काळ्या गोलांच्या मधोमध तो रिकामा होता. वडिलांना छातीचं कधी काही झालं नाही. त्यांच्या खाली माझा चौकोन, तोही रिकामा. त्याच्या खाली माझ्या मुलीचा गोल. मला घाम फुटला.

तुटलेला डीएनए सांधणं हे बीआरसीए-1चं काम. त्याच्या दोन प्रती असतात. एक जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरीवर पेशी निभावते. स्तनातल्या एखाद्या पेशीत दुसरीही गेली की मोडतोड साचत जाते. अशा पेशीला रोखणारं टीपी-53 जनुकही या गाठींत बहुतेकदा निकामी झालेलं असतं; मग वाढीला लगाम राहत नाही. बिघडलेली प्रत बाप देवो की आई, प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी.

मी वाघ्या घेवड्याचं बी राखणारा शेतकरी. वरून ठणठणीत दाण्यातूनही रोग पुढच्या पिकात उतरतो, हे मला वडिलांनीच शिकवलं होतं.

रक्त दिलं. बिघाड माझ्यातही निघाला. मुलीला मीच सांगितलं. तपासणीचं तिचं ती ठरवेल. थोरला भाऊ मात्र ऐकत नाही. ‘आधी दोघी पोरींची लग्नं उरकू देत,’ म्हणतो. मी भांडतो, पण त्याला भेकड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.