पाणी उपसणारा देश

माझी नात माती-पाण्याचं शिकायला एका सत्रापुरती नेदरलँड्सच्या वागेनिंगेन विद्यापीठात गेली. तिकिटापायी दोन म्हशी विकल्या. घरात महिनाभर कुणी धड बोललं नाही. आमचा माण तालुका, ५०० फुटांवर बोर कोरडं. तिकडं देशाचा चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली.

"आबा, हितं रानातलं पाणी पंपानं भाईर काढत्यात."

"थट्टा करती का गं?"

तिनं मोबाईलवर चर दावला. काठोकाठ भरलेला, शेजारी गाई चरत्यात. मी बघतच राहिलो.

दुपारी तिथं थंड पाव नि चीज. भाकरीची आठवण तेवढी बोलून दाखवायची. बाकी रडगाणं नाही.

जानेवारीच्या शेवटी आली. दारातूनच गोठ्याकडं बघितलं.

"म्हशी कुठं हायत्या?"

बायको म्हणाली, "आधी जेव."